कागदवेष्टित गोळीचे शिसे आणि १८५७ चे बुलढाणा

१८५७ च्या उन्हाळ्यात हैदराबाद काँटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यातील जमादार चीदाखान हा आपल्या काही स्वारांसह बुलढाण्याचे ठाणे सोडून हैदराबादेस निघून गेला. निजामाच्या राजधानीत आपणांस आश्रय मिळेल, ही त्याची अपेक्षा होती. परंतु दिवाण सालारजंग यांनी त्याला व त्याच्या साथीदारांना पकडून रेसिडेन्सीच्या स्वाधीन केले. त्यांच्या सुटकेची मागणी करीत १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझखान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली जमावाने रेसिडेन्सीवर चाल केली व तोफांच्या माऱ्यापुढे ती मोडून पडली. दक्षिणेतील १८५७ च्या इतिहासात या हल्ल्याचा उल्लेख बहुधा येतोच. त्याचे एक मूळ बुलढाण्याच्या ठाण्यात होते, ही गोष्ट मात्र वऱ्हाडाच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीही फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

तेथील स्वार का बिघडले, या प्रश्नाला सवयीने दिले जाणारे उत्तर काडतुसाचे आहे. उत्तर हिंदुस्थानातील शिपायांच्या असंतोषाचे जे कारण पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले, तेच दक्षिणेलाही लावण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा तपासून पाहावयाची तर ते काडतूस म्हणजे नेमकी कोणती वस्तू होती, तिच्यात कागद का होता, चरबी का होती आणि आतली गोळी शुद्ध शिशाचीच का होती, हे आधी पाहावे लागते. या प्रश्नांची उत्तरे राजकीय कागदपत्रांपेक्षा धातुविद्येत अधिक स्पष्टपणे सापडतात.

बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीला बंदुकीची गोळी १८५७ मध्ये नवी नव्हती. घाटाखालील रोहिणखेड येथे १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहा व खानदेशचा राजा अलीखान यांच्याशी झालेल्या लढाईत अहमदनगरचा सत्ताधारी जमालखान बंदुकीच्या गोळीने ठार झाला, आणि त्या एका गोळीने निजामशाहीच्या गादीचा प्रश्न सुटला. १७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला व आसफजाही घराण्याची दक्षिणेतील सत्ता स्थिर झाली. तेथेही तोफा व बंदुका होत्या. या दोन्ही लढायांतील बंदुका तोड्याच्या, म्हणजे पेटत्या दोरीने रंजक शिलगावणाऱ्या, आणि आतून गुळगुळीत नळीच्या होत्या.

अशा बंदुकीला गोळी कोणत्या धातूची असावी, हा प्रश्न जवळजवळ पडतच नाही. गोळी नळीपेक्षा बरीच लहान घ्यावयाची, दारूवर ती गजाने ठासावयाची, आणि सुटताना ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडावयाची. शिसे वापरले जाई ते त्याच्या वजनामुळे व लवकर वितळण्यामुळे. पाण्याच्या ११.३ पट घनता आणि ३२७ अंश सेल्सिअस हा वितळबिंदू यांमुळे छावणीतल्या चुलीवर लोखंडी पळीत शिसे पातळ करून साच्यात ओतणे कोणाही शिपायाला शक्य होते. त्यात थोडे कथील पडले वा जस्त मिसळले तरी गोळी जवळजवळ तशीच जाई. कथील वऱ्हाडच्या बाजारात अपरिचित नव्हते. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा प्रत्येक कारागीर ते बाळगी. पण शिशापेक्षा महाग असलेला धातू गोळीत घालण्याचे प्रयोजन तोड्याच्या बंदुकीला नव्हते.

शिसे मात्र येथे बाहेरूनच येई. बुलढाणा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे व त्या खडकात शिशाचे खनिज मिळत नाही. राजस्थानातील जावरसारख्या खाणी, नाहीतर सुरतेसारख्या बंदरांतून येणारा युरोपीय माल, हेच पुरवठ्याचे मुख्य मार्ग होते. शिवाजीमहाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून ऐंशी तोफांबरोबर बंदुकांसाठी शिसेही घेतल्याची जी नोंद ऑर्मने दिली आहे, ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे: तोफा मोजल्या जातात, शिसे केवळ ‘पुरेसे’ म्हणून नोंदले जाते. दारूच्या बाबतीतही एक गैरसमज येथेच टाळावा. लोणारच्या सरोवरातून निघणारा खार हा सोडियम कार्बोनेट आहे. दारूला लागणारा सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पहिल्याचा उपयोग साबण व काच करण्याकडे होतो, दारूशी त्याचा संबंध नाही.

खरा बदल झाला तो नळीच्या आत पीळदार आटे पाडण्यामुळे. आट्यांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते व ती लांबवर सरळ जाते. परंतु त्यासाठी गोळी आट्यांत घट्ट बसली पाहिजे. तोंडाकडून ठासावयाच्या बंदुकीत येथेच विरोध उत्पन्न होतो. गोळी घट्ट असेल तर ठासता येत नाही आणि सैल असेल तर आटे पकडत नाही. युरोपात काही दशके हा विरोध सुटला नव्हता. गोळीभोवती तेलकट कापड गुंडाळून हातोड्याने ठोकणे हाच उपाय होता व तो रणांगणावर निरुपयोगी होता. १८४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील मिनिए याने पोकळ बुडाची लांबट गोळी प्रचारात आणली. ही गोळी ठासताना सैल असते. दारू पेटली की वायूचा दाब तिच्या मागील पोकळीला फुलवितो, धातू पसरतो व आट्यांत शिरतो. हे सर्व व्हावयाचे तर धातू अतिशय मऊ हवा. शुद्ध शिशाचा काठिण्यांक ब्रिनेल मोजमापात सुमारे ५ आहे. त्यात कथील वा अँटिमनी मिसळून तो वाढविला, तर काळ्या दारूचा सौम्य दाब पोकळ बूड पुरेसे फुलवू शकत नाही, वायू गोळीच्या बाजूने निसटतो व नेम जातो. तोंडाकडून ठासावयाच्या आट्यांच्या बंदुकीला शुद्ध शिसे हा अशा रीतीने आवडीनिवडीचा विषय राहिला नाही.

१८५३ ची एन्फिल्ड रायफल याच तत्त्वावर बांधलेली होती. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, आटे तीन, गोळी ५३० ग्रेनची म्हणजे सुमारे ३४ ग्रॅमची. गोळीचा व्यास आरंभी ०.५६८ इंच होता. नळी व गोळी यांत इंचाच्या अवघ्या नऊ सहस्रांशांचे अंतर उरत होते. हे अंतर भरण्याचे काम कागदाने करावयाचे होते. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीतही कागदी काडतूस असे, पण तेथे कागद मुख्यतः दारूची पुडी म्हणून येई. एन्फिल्डच्या काडतुसात गोळी उलटी, म्हणजे तिचे टोक दारूच्या बाजूला करून, कागदात गुंडाळलेली असे. शिपायाने दारूकडील टोक फाडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, काडतूस उलटे करून गोळी कागदासह नळीच्या तोंडात घालावयाची, उरलेला कागद तोडून टाकावयाचा आणि गजाने गोळी खाली दाबावयाची. गोळीबरोबर खाली जाणारा हा कागद गोळीचे वेष्टन होता. तो नळीच्या भिंतीला शिसे लागू देत नसे, गोळी मध्यभागी धरून ठेवी आणि वायू अडविण्यास हातभार लावी.

अशा कागदाला काही गुण आवश्यक असतात. तो पातळ हवा, चिवट हवा, एकसारख्या जाडीचा हवा. इंचाच्या सहस्रांशांचे अंतर भरावयाचे असल्यामुळे जाड, खरखरीत कागद चालत नाही. १८५७ च्या फेब्रुवारीत बराकपूर येथे जी चौकशी झाली, तिच्यात शिपायांचा संशय चरबीइतकाच कागदावर असल्याचे आढळते. कागद गुळगुळीत, चकचकीत आहे, जुन्या काडतुसाच्या कागदापेक्षा निराळा आहे, त्यात काहीतरी स्निग्ध मिसळलेले असावे, असे त्यांचे म्हणणे होते. अधिकाऱ्यांना हा हट्ट वाटला. वस्तुतः शिपायांच्या डोळ्यांनी फरक बरोबर टिपला होता: कागद निराळा होताच, कारण त्याचे काम निराळे होते. त्यांनी दिलेले कारण चुकीचे असले तरी निरीक्षण चुकीचे नव्हते, आणि हा भेद त्यांना समजावून सांगणारा कोणी नव्हता.

चरबीचे कारणही याच साखळीत आहे. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन मळाच्या रूपाने मागे राहतो. हा मळ हवेतील ओलावा शोषतो. पावसाळ्यात तो चिकट व मऊ असतो, तर मलकापूर-नांदुऱ्याकडील पूर्णाखोऱ्याच्या उन्हाळ्यासारख्या कोरड्या उष्णतेत तो भाजलेल्या मातीसारखा कठीण होतो. अशा मळकट नळीत नऊ सहस्रांश इंचाच्या मोकळिकीने गोळी खाली ढकलणे काही फैरींनंतर अशक्य होते. म्हणून कागदाच्या बाहेरून स्निग्ध लेप. आरंभीच्या लेपात जनावराची चरबी जास्त व मेण कमी असे. चरबी कोणत्या जनावराची, याची चौकशी ठेकेदाराकडे केली गेली नव्हती, हे दारूगोळा खात्याच्या अधिकाऱ्यांना मान्य करावे लागले. २७ जानेवारी १८५७ च्या आदेशाने शिपायांना स्वतःच्या पसंतीचा लेप लावण्याची मुभा मिळाली आणि मार्चमध्ये काडतूस दातांऐवजी हाताने तोडण्याची कवायत आली. दोन्ही उपाय उशिरा आले आणि संशय पुसण्याऐवजी तो खराच होता असे दाखवून गेले.

धातू, कागद व स्निग्ध पदार्थ यांचा संबंध असा एकमेकांत अडकलेला होता. तोंडाकडून ठासावयाची म्हणून गोळी सैल, सैल म्हणून फुलणारी, फुलणारी म्हणून शुद्ध शिशाची, आणि मऊ शिसे नळीला लागू नये व मळातून खाली जावे म्हणून कागद व चरबी. यांपैकी एकही दुवा कोणाच्या धर्माकडे पाहून ठरलेला नव्हता, आणि नेमकी तीच त्या यंत्रणेची चूक होती. वूलिचमध्ये ठरलेल्या कृतीला दमदम येथे जसेच्या तसे उतरविताना ती कोणाच्या हातात व तोंडात जाणार आहे, हा विचार कृतीचा भाग मानला गेला नाही.

आता बुलढाण्याकडे. एन्फिल्ड रायफल १८५७ च्या आरंभी बंगाल सैन्यातील देशी शिपायांपैकी फारच थोड्यांच्या हाती पोहोचली होती. तिच्या शिक्षणासाठी दमदम, अंबाला व सियालकोट अशी तीन केंद्रे होती. मीरत येथे २४ एप्रिल रोजी तिसऱ्या लाइट कॅव्हलरीच्या स्वारांनी जी काडतुसे नाकारली, तीसुद्धा जुन्याच जातीची होती. हैदराबाद काँटिंजंट तर बंगाल सैन्याचा भागच नव्हते. त्याचा रिसाला शिलेदारी पद्धतीचा, म्हणजे घोडा व बहुतेक हत्यारे स्वाराची स्वतःची. त्याचा भर तलवार व भाल्यावर. पायदळाची एन्फिल्ड व तिचे काडतूस या स्वारांना दिलेले नव्हते. चीदाखानाच्या हातात ते कागदवेष्टित शिसे कधी आलेच नव्हते. अफवा दूरवर जाते, हे खरे. परंतु अफवेला कारण मानावयाचे तर तिचा माग दाखविता आला पाहिजे. पहिल्या रिसाल्याच्या औरंगाबाद येथील असंतोषात जूनमध्ये जे गाऱ्हाणे पुढे आले, ते निराळे आहे: आपण दक्षिणेच्या नोकरीसाठी भरती झालो आहोत, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढण्यास दक्षिणेबाहेर जाणार नाही.

या गाऱ्हाण्यामागे १८५३ चा तह उभा आहे. काँटिंजंटच्या खर्चाची थकबाकी वाढल्याचे कारण पुढे करून कंपनीने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले, आणि त्याच तहाने काँटिंजंट हे निजामाच्या सैन्याचा भाग न राहता कंपनीने बाळगलेले साहाय्यक दल बनले. बुलढाण्याच्या ठाण्यातील स्वार ज्या मुलखावर पहारा करीत होते, तो त्यांच्याच पगारासाठी त्यांच्या जुन्या धन्याकडून काढून घेतलेला होता. निष्ठा कोणाशी, हा प्रश्न त्यांच्यापुढे काडतुसाच्या चार वर्षे आधीच येऊन ठेपला होता. ते पळाले तेव्हा दिल्लीकडे गेले नाहीत, हैदराबादेकडे गेले. दिशेची ही निवडच त्यांच्या हेतूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. मेरठ व बराकपूरचे कारण बुलढाण्याला लावल्याने १८५३ च्या तहाचा हा परिणाम झाकला जातो, आणि वऱ्हाडच्या इतिहासाची हानी होते ती तेथे.

काडतुसाची गोष्ट १८५७ मध्ये संपली नाही, आणि पुढचा भाग तितकाच बोलका आहे. मोहिमांच्या अनुभवानंतर एन्फिल्डच्या गोळीचा व्यास ०.५५० इंचापर्यंत कमी करण्यात आला, म्हणजे मोकळीक तिप्पट झाली, आणि लेपात मेणाचे प्रमाण मुख्य झाले, कारण उष्ण हवेत चरबी वितळून कागदात मुरते. शिपायांनी ज्या लेपाला नकार दिला, तो निव्वळ यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही हिंदुस्थानच्या हवेला योग्य नव्हता, असा याचा अर्थ होतो.

मागून भरावयाची बंदूक आल्यावर साखळीचा पहिलाच दुवा गळाला. गोळी ठासावयाची नसल्यामुळे ती सैल असण्याचे कारण उरले नाही, आणि मग मिश्रधातूचा विचार प्रथमच खऱ्या अर्थाने शक्य झाला. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीत ०.४५० इंच व्यासाच्या नळीसाठी ४८० ग्रेनची गोळी व ८५ ग्रेन दारू होती. गोळी लांब व सडपातळ आणि दारूचा दाब अधिक, म्हणून शुद्ध शिसे येथे अपुरे पडते: सुटण्याच्या क्षणी गोळीचे टोक खचते, एका बाजूला झुकते, व नेम चुकतो. फार कठीण धातूही चालत नाही. कारण कागद गुंडाळलेली गोळी नळीत सहज बसते एवढीच असते, तिने मागून दाब येताच किंचित आखूड व जाड होऊन आटे भरावयाचे असतात. या दोन टोकांमध्ये बारा भाग शिसे व एक भाग कथील हे प्रमाण निवडले गेले. काठिण्य शुद्ध शिशाच्या सुमारे दुप्पट, तरीही धातू दाबाला वश होणारा. अँटिमनीने काठिण्य अधिक स्वस्तात मिळते, छापखान्यातील खिळ्यांचा धातू हे त्याचे परिचित उदाहरण. परंतु त्याने धातू ठिसूळ होतो. कथिलाने तो चिवट राहतो व साचाही नीट भरतो. मेटफर्डसारख्या शोधकांनी उथळ आटे पाडून अधिक कठीण गोळ्याही कागदासह यशस्वी करून दाखविल्या, यावरून धातू व आटे यांची निवड एकत्रच करावी लागते, हे उघड होते.

मार्टिनीच्या गोळीचा कागद एन्फिल्डच्याच कागदाचा वंशज होता, मात्र तो आता पितळी काडतुसात अर्धा झाकलेला होता व कोणाच्या तोंडाला लागत नव्हता. वंगणासाठी गोळीच्या मागे मेणाची चकती बसविलेली असे. एका गोळीत कथील अवघे २.४ ग्रॅम, पण दहा लाख गोळ्यांना तेच २.४ टन होते. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला तो या संक्रमणाच्या काळात.

तथापि हा नवा धातू देशी शिपायांच्या वाट्याला लगेच आला नाही. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींच्या एक पिढी मागचे हत्यार देण्याचे धोरण राहिले. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातील मैवंद येथे ६६ वी गोरी पलटण मार्टिनीने लढत होती, तर तिच्या शेजारी मुंबई सैन्याचे ग्रेनेडियर्स व जेकब्ज रायफल्स यांच्या हाती स्नायडर होती, म्हणजे शुद्ध शिशाची, पोकळ बुडाची जुनी गोळी. एकाच रणांगणावर धातूच्या प्रमाणातून अविश्वास वाचता यावा, असे हे उदाहरण आहे.

शिकारीच्या क्षेत्रात हीच चर्चा अधिक मोकळेपणाने झाली. वऱ्हाडाला लागून असलेल्या निमाडात अधिकारी असलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८६० च्या दशकात शिकारी रायफलीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात मंद पिळाच्या आट्यांतून भरपूर दारूने सोडलेल्या वाटोळ्या गोळीचा पुरस्कार आहे. सॅम्युएल बेकर याने १८९० मध्ये वाघासाठी शुद्ध शिसे व हत्ती-गव्यासाठी कठीण केलेले शिसे असा स्पष्ट भेद केला. मऊ गोळी शरीरात पसरते व तेथेच थांबते. कठीण गोळी हाड फोडून खोल जाते. काहींनी कठीणपणासाठी पारा मिसळला, पण तापलेल्या शिशातून निघणारी पाऱ्याची वाफ विषारी असल्यामुळे ती कृती मागे पडली, हे बरेच झाले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ०.३०३ इंचाची रायफल आली, तिच्या गोळीवर कागदाऐवजी धातूचे कवच चढले, आणि कागदवेष्टनाचे लष्करी प्रयोजन संपले. त्या कवचाचे टोक उघडे ठेवून आतील मऊ शिसे पसरू देणारी गोळी पुन्हा दमदम येथेच तयार झाली व १८९९ च्या हेग परिषदेने तशा गोळ्यांच्या युद्धातील वापरावर निषेधाची घोषणा केली.

संशोधनाच्या दृष्टीने या विवेचनाचा एक व्यावहारिक उपयोग आहे. साखरखेर्डा वा रोहिणखेडच्या शिवारात नांगराखाली शिशाची गोळी मिळाली, तर तिचे वजन व आकार नोंदवून भागत नाही. कथिलाचे प्रमाण तपासले पाहिजे. वजनाने ७.७ टक्क्यांच्या आसपास कथील आणि लांबट आकार आढळला, तर ती १८७१ नंतरची मार्टिनीची गोळी असण्याचा संभव मोठा. वाटोळी शुद्ध शिशाची गोळी मात्र १५९१ ची, १७२४ ची किंवा पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुकीची, यांपैकी कोणतीही असू शकते. शिशाच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून खाणीचा अंदाज बांधता येतो व जावरचे शिसे इंग्लंडच्या शिशापासून वेगळे ओळखता येते. पण शिसे पुनःपुन्हा वितळविले जाणारे द्रव्य आहे, आणि दोन खाणींचे शिसे एकदा एका पळीत उतरले की ते उत्तर दोहोंच्या मधले येते. अशा गोळीसंबंधी तिच्या सापडण्याच्या जागेची व मातीतील खोलीची नोंद रासायनिक पृथक्करणाच्या आधी झालेली असणे आवश्यक आहे.